सारथीचा चुकलेला अंदाज

रेडकाचा मुडपलेला पाय एकदाचा डॉक्टर हेमंत बांबळेच्या बोटांना लागला, आणि नेमका त्याच वेळी त्याच्या खिशातला फोन किंचाळला.

ही साधी घंटी नव्हती. हा सारथीचा तांबडा इशारा होता. म्हैस सकाळपासून अडली होती, हेमंतचा उजवा हात खांद्यापर्यंत तिच्या पोटात होता आणि डाव्या हाताने त्याने दोरी धरली होती. दोन्हीपैकी एकही सोडण्यासारखा नव्हता.

"तात्या, माझ्या खिशातला फोन काढा. लवकर!"

गोठ्याचे मालक तात्या डुंबरे यांनी हात धोतराला पुसले आणि फोन काढला. "पडदा समदा लाल झालाय, डॉक्टरसाहेब."

"मधोमध पंजा दिसतोय का? त्याच्यावर अंगठा ठेवा. दाबून धरा."

तात्यांनी दाबलं. पडदा पिवळा झाला, मग हिरवा. हेमंतने श्वास सोडला, बोटांनी खूर वाटीत धरला, पाय सरळ केला, आणि थोड्याच वेळात ओलंचिंब रेडकू गवतावर येऊन पडलं. तात्यांच्या घरातून गुळाचा खडा आला. तो तोंडात टाकत तात्यांनी विचारलं, "कशाचा होता तो लाल?"

"पोरीचा. सोळावं चालूये. काहीतरी धोक्याचं करायला निघाली होती."

"काय करत व्हती?"

"ते नाही कळत. करणार आहे, एवढंच कळतं."

तात्यांनी फोनकडे आणि मग हेमंतकडे पाहिलं. "आन् मी ओतुरात बसून तिला जुन्नरात थांबवली म्हना की," ते म्हणाले. त्यात कौतुक किती होतं आणि भीती किती, हे हेमंतला कळलं नाही. त्याला त्या वेळी फक्त हायसं वाटलं होतं.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा केतकी जेवणाच्या टेबलापाशी बसून शेंगा सोलत होती. सोलत कसली, फोडत होती. तिची आई मंजूषा ओट्यापाशी होती. तिने डोळ्यांनीच 'जपून' अशी खूण केली.

"दुपारी काय झालं गं?" हेमंतने सहज विचारल्यासारखं केलं.

"काही नाही झालं. तुम्ही होऊ दिलं नाहीत."

"कुठे चढली होतीस?"

केतकीने शेंग खाली ठेवली. "सभागृहात होते, पप्पा. खुर्चीवर बसले होते. पुढच्या वर्षीपासून मुलींना मैदान आठवड्यातून एकदाच मिळणार असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. कुणाला काही विचारायचंय का म्हणाले. सगळी शाळा बसलेली. मी उठत होते. हात वर करत होते. आणि कानात तुमचा आवाज आला, 'केतू, थांब.' मी बसले." तिचे डोळे भरून आले, पण आवाज घट्टच राहिला. "परत उठेपर्यंत सभा संपली."

हेमंतने टेबलावरची टरफलं गोळा केली. ते बटण आपण नव्हे, तात्या डुंबऱ्यांनी दाबलं होतं, हे तर तो तिला सांगूच शकत नव्हता.

सारथीची पट्टी जुन्नरात आली त्याला आता काही वर्षं झाली होती. केसांत सहज लपेल अशी बारीक पट्टी, कपाळाच्या वरच्या कडेला लागून बसणारी, आणि कानात ज्वारीच्या दाण्याएवढा मणी. डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश ती पट्टी कवटीतून आत सोडायची आणि परत आलेल्या प्रकाशावरून मेंदूच्या पुढच्या भागात कुठे ताजं रक्त धावतंय ते ओळखायची. त्यामागचं शास्त्र पालकांच्या पहिल्याच सभेत समजावून सांगितलं होतं. माणसाच्या मेंदूत एक इंजिन असतं आणि एक ब्रेक असतो. मजा, थरार, मित्रांची शाबासकी यांच्यामागे धावणारं इंजिन तेराव्या-चौदाव्या वर्षीच जोरात सुरू होतं. थांब, विचार कर, असं म्हणणारा कपाळामागचा ब्रेक मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो. मधली दहा-बारा वर्षं म्हणजे नवं इंजिन आणि अर्धवट ब्रेक. त्यात बरोबरीचे दोस्त बघत असले, की इंजिन आणखी पेट घेतं. पोर एकटं असताना जे करणार नाही ते चौघांत करतं, ते यामुळे.

कुठलंही पाऊल उचलण्याआधी या दोघांची काही क्षण रस्सीखेच चालते. सारथी ती रस्सीखेच वाचायचा आणि कोण जिंकणार याचा अंदाज आधीच सांगायचा. पालकांच्या फोनवर रंग यायचा आणि त्याखाली एकच शब्द यायचा: 'थांबणार' किंवा 'जाणार'. तांबडा पडदा आणि 'जाणार' असं दिसलं, की पालकांनी पंज्याचं बटण दाबायचं. मग पोराच्या कानातल्या मण्यात आईचा किंवा वडिलांचा आवाज यायचा आणि पोर जागच्या जागी थबकायचं.

तालुक्यातले मोटारसायकलींचे अपघात कमी झाले होते. पाझर तलावांवर पोरं उगाच मरेनाशी झाली होती. ही थाप नव्हती, खरंच झालं होतं. आणि हेमंतला त्याची किंमत इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत होती. त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा सौरभ धरणाच्या भिंतीवरून पाण्यात उडी मारायला गेला होता. खाली दोस्त टाळ्या वाजवत होते. त्याला बाहेर काढला तेव्हा हेमंत तिथे होता. सारथी आल्यावर तालुक्यात सगळ्यांत आधी नाव नोंदवलं ते त्याने, आणि भावाच्या घरी जाऊन ते सांगताना तो रडला होता.

म्हणूनच त्या रात्री केतकीचं ऐकून त्याला वाईट वाटलं, तरी पट्टी काढावी असं काही मनात आलं नाही. सभेत प्रश्न विचारायचा राहिला, तर पुन्हा विचारता येतो. बुडालेलं पोर मात्र परत येत नाही.

पुढच्या महिन्यात पालकांची मोठी सभा भरली. खुद्द सारथी बनवणाऱ्या डॉक्टर अरुंधती केळुसकर आल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढरे केस कापलेल्या बाई. किशोरवयीन मुलांच्या मेंदूवर त्यांनी अख्खी हयात घालवली होती. आता बाई स्वतःच्या यंत्राचे गोडवे गाणार, असं सगळ्यांना वाटलं होतं.

"मी आज तुमच्यापुढे एक नवी गोष्ट ठेवणार आहे," त्या म्हणाल्या. "ती कळली तेव्हा मला झोप आली नाही. ज्या मुलांचे पालक बटण वारंवार दाबतात, त्यांचा ब्रेक इतरांपेक्षा मंद वाढतोय."

सभागृहात कुजबुज झाली.

"रानातल्या पायवाटेसारखं आहे हे. ज्या वाटेने रोज ये-जा होते तिचा रस्ता होतो. जिथून कुणी जात नाही तिथे गवत माजतं. या वयात मेंदू नेमकं हेच करतो. वापरात असलेल्या जोडण्यांवर आवरण चढवतो, तारेवर रबर चढवतात तसं, आणि मग त्यांतून निरोप वेगाने धावतो. न वापरलेल्या जोडण्या तो छाटून टाकतो. तुम्ही बटण दाबता, मूल थांबतं. पण ते तुमच्या तारेने थांबतं. त्याची स्वतःची तार तशीच कोरी राहते. ब्रेक लावूनच ब्रेक घडतो, दुसरा मार्ग नाही."

हेमंत उठून उभा राहिला. "बाई, माझा पुतण्या गेला. त्याच्या तारेवर रबर चढायला वेळच मिळाला नाही. बटण तुम्हीच दिलंत आमच्या हातात. आता तुम्हीच म्हणता दाबू नका?"

"मीच दिलं, आणि म्हणून मीच सांगायला आले," डॉक्टर केळुसकर शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या पुतण्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. बटण आजच फेकून द्या असंही मी म्हणत नाही. दाबायच्या आधी मुलाला थोडा वेळ द्या, इतकंच. पट्टी आता त्यांनाही हलकं कंपन देते. त्यांचा रंग आधी त्यांना कळू द्या. आणखी एक. सारथी धोका ओळखतो. तो धोका वाईट आहे की चांगला, हे त्याला कळत नाही. भिंतीवरून उडी मारणं आणि भरसभेत खरं बोलणं, दोन्ही वेळी मेंदूत आग तीच लागते."

हेमंत खाली बसला. शेजारी मंजूषा होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यावरूनच तिला बाईंचं पटलंय हे त्याला कळलं.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "पहिल्यांदा उभं राहायला धडपडणाऱ्या वासराला हात लावू नका म्हणून तू शेतकऱ्यांवर किती ओरडतोस."

"वासराला धरणाच्या भिंतीवर चढता येत नाही," हेमंत म्हणाला. विषय तिथेच थांबला.

केतकी दोन वर्षांपासून गिर्यारोहण शिकत होती. विशाखाताई तळपे नावाच्या बाई गावातल्या मुलींना दर रविवारी कातळावर न्यायच्या. त्यांच्या हाताखाली दहा-बारा मुली तयार झाल्या होत्या आणि हिवाळ्याच्या शेवटी त्यातल्या तिघींनी शेंडीच्या सुळक्यावर चढायचं असं ठरलं होतं. डोंगराच्या सोंडेवरून एकटाच वर गेलेला, डोक्यावर झुडपांची शेंडी असलेला तो कातळ पायथ्यापासून बघितला तरी मान दुखायची. केतकी पुढे चढणार होती. तिची मैत्रीण आर्या तिचा दोर सांभाळणार होती आणि समृद्धी मागून येणार होती.

"पुढे चढणारी पडली तर?" हेमंतने विचारलं.

"मधेमधे कातळात खिळे ठोकलेले आहेत, त्यांत दोर अडकवत जायचं. पडले तर शेवटच्या खिळ्याच्या थोडं खालपर्यंत पडेन. आर्या धरेल." केतकीने ताट पुढे सारलं. "पप्पा, मला एक मागायचंय. त्या दिवशी बटण बंद ठेवा."

"नाही."

"आईकडे द्या मग."

"बटण माझ्याकडे राहील. चढायचं असेल तर ही अट आहे."

भांडण होईल असं मंजूषाला वाटलं होतं. झालं नाही. केतकीने बापाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती जणू त्याला जोखत होती.

"बरं," ती म्हणाली. "पण दाबताना एकदा आठवा, की त्या वेळी मी कशाला तरी लटकलेली असेन."

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. सुळक्यासमोरच्या टेपाडावर पालक बसले होते. पलीकडच्या धारेवर पुण्याहून आलेली कॉलेजची पोरं होती. त्यांचा शेजारचा कडा चढून झाला होता आणि आता ती मुलींना शिट्ट्या मारून जोर देत होती. विशाखाताई सुळक्याच्या तळाशी उभ्या होत्या. मुली चढायला लागण्याआधी त्या हेमंतपाशी आल्या होत्या.

"कानात कुणी एकदम बोललं की हात दचकतो, डॉक्टर," त्या म्हणाल्या होत्या. "बटण तुमचा हक्क आहे. मी फक्त सांगून ठेवते."

केतकी चढत होती. हेमंतने तिला आजवर फोनच्या पडद्यावरच्या रंगांत इतक्या वेळा पाहिलं होतं, की ती चढते कशी हे त्याला खरं तर माहीतच नव्हतं. ती घाई करत नव्हती. पाय टेकवायची, थांबायची, वजन टाकायची, मग दुसरा उचलायची. हिरवा. पिवळा. पुन्हा हिरवा. उन्हं चढली तेव्हा तिघी जणी सुळक्याच्या वरच्या अंगाला असलेल्या अरुंद कपारीत पोचल्या होत्या. तिथून माथा हाकेच्या अंतरावर होता. आर्याने कपारीत स्वतःला अडकवून घेतलं, दोर हातात धरला, आणि केतकी शेवटच्या टप्प्याला लागली.

माथ्याखाली कातळाचा फुगवटा पुढे आला होता. त्याच्यावर दरवाजाच्या कडीसारखा एक मोठा दगड बाहेर डोकावत होता. एकदा त्याला हात घातला की अंग वर खेचून घ्यायचं, बस्स. समृद्धी ओरडली, "केतके, कडी धर! आलंच!" पलीकडच्या धारेवर पोरांनी ताल धरला, "चल, चल, चल!" केतकीचा हात दगडावर गेला.

फोन किंचाळला. पडदा इतका तांबडा झाला होता, की हेमंतच्या बोटांवरही तो रंग पडला. खाली अक्षरं उमटली: 'जाणार'.

त्याचा अंगठा पंज्यावर होता. तो केव्हा गेला ते त्याला कळलंही नव्हतं. धरणाची भिंत, भिजलेली चड्डी, टाळ्या वाजवणारी आणि मग गप्प झालेली पोरं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मंजूषा शेजारी उभी होती. तिने काहीच म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, कारण मग निर्णय दोघांचा झाला असता.

दाबलं तर तिच्या कानात आवाज फुटणार. नाही दाबलं तर ती जाणार. यंत्र तसं सांगत होतं, आणि यंत्र आजवर तिच्या बाबतीत कधी चुकलं नव्हतं.

हेमंतने अंगठा उचलला. फोन उलटा करून खडकावर ठेवला. मंजूषाच्या गळ्यातली दुर्बीण काढून घेतली आणि डोळ्यांना लावली.

केतकी अगदी जवळ आल्यासारखी दिसली. तिच्या मानेवरचा घाम दिसला. खालचा ओठ दातांत धरलेला दिसला. हात दगडावर होता, पण वजन त्याच्यावर नव्हतं. ती हलत नव्हती. धारेवरचा गलका वाढला. तिने दुसऱ्या हाताची पकड बदलली, पहिला हात दगडावरून काढला, मूठ वळली आणि त्या दगडावर टकटक केली. दारावर करतात तशी. मग कान जवळ नेला. पुन्हा टकटक केली. मग तिने मान वळवून खाली पाहिलं. अगदी सरळ खाली, आर्या जिथे बसली होती तिथे.

"काय करतेय?" मंजूषाने विचारलं.

"विचार करतेय," हेमंत म्हणाला.

केतकीने मान नकारार्थी हलवली. ती कुणाला उद्देशून हलवली ते कळायला मार्ग नव्हता. आणि मग ती खाली उतरायला लागली, चढली तशीच, एकेक पाय जपून. "आज नाही," असं ती म्हणाल्याचं नंतर आर्याने सांगितलं. समृद्धीने कपाळाला हात लावला. धारेवरच्या पोरांनी मोठ्याने निराशेचा सूर काढला, एकाने कुत्सितपणे शिट्टीही वाजवली. माथा हाकेच्या अंतरावर ठेवून तिघी दोरावरून खाली आल्या.

पायथ्याशी पोचेपर्यंत केतकी नीट होती. मग तिने कमरेच्या हार्नेसचे पट्टे सोडले. ती खाली बसली आणि आईच्या कुशीत डोकं खुपसून हमसाहमशी रडली. "मला इतकं जायचं होतं गं, आई. इतकं!"

समृद्धी बाजूला पाठ फिरवून दोर गुंडाळत होती. "हाताला लागलं होतं सगळं," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली.

"दगड पोकळ वाजत होता," केतकी म्हणाली. "निघाला असता तर सरळ आर्यावर."

विशाखाताईंनी दुर्बिणीतून तो दगड बराच वेळ न्याहाळला. "राहिलाही असता," त्या म्हणाल्या. "आमच्यातले कितीतरी जण त्याला धरून वर गेलेत. पण दर पावसाळ्यात कातळ बदलतो. खात्रीने मीही सांगू शकत नाही." मग त्यांनी दुर्बीण खाली घेतली. "माथ्याजवळून परत फिरायला मला वयाची तिशी उजाडावी लागली होती."

आर्या केतकीच्या मागे येऊन बसली आणि तिच्या सुटलेल्या केसांची वेणी घालायला लागली.

हेमंत थोडा लांब उभा होता. दगड राहिला असता की पडला असता, याच्याशी त्याला काही देणंघेणं उरलं नव्हतं. शंभर आवाज 'चल' म्हणत असताना, स्वतःचं रक्त 'चल' म्हणत असताना, त्याची पोर थांबली होती. त्याने थांबवली नव्हती. त्याने आजवर किती वासरं जगवली, किती गाई उठवल्या, लोकांनी किती हार घातले. त्यातल्या कशानेच त्याची मान अशी ताठ झाली नव्हती.

शेवटी केतकीच त्याच्याकडे आली. नाक लाल झालेलं, वेणी अर्धीच घातलेली.

"दाबलं नाहीत तुम्ही."

"नाही."

"तांबडं झालं होतं ना? मला कळत होतं आतून. कंपन मी बंद करून ठेवलं होतं, हात थरथरतो त्याने. पण कळत होतं."

"कडकडीत तांबडं," हेमंत म्हणाला. "आणि खाली 'जाणार' म्हणून आलं होतं."

"मग का नाही दाबलंत?"

त्याने खूप विचार केला आणि त्याला सापडलं ते एवढंच. "मला तुला बघायचं होतं."

दोन आठवड्यांनी डॉक्टर केळुसकर जुन्नरला आल्या. फोन न करता थेट घरी आल्या, एखाद्या पोरीसारख्या धापा टाकत. चहाला हात न लावता त्यांनी पिशवीतून पाटीएवढा संगणकाचा पडदा काढला आणि टेबलावर उभा केला. त्यावर केतकीच्या त्या दिवसाचा आलेख होता.

"हे बघा. इथे तिचा हात दगडावर गेला. हे इंजिन, बघा कसं भडकलंय. आणि हा आमचा अंदाज: जाणार. सारथीला जराही शंका नव्हती. आता पुढे बघा." त्यांचं बोट पुढे सरकलं. एक निळी रेघ तळाशी पडून होती. ती हलली, डगमगली, खाली गेली, आणि मग सावकाश, अगदी जिद्दीने चढत गेली. "हा ब्रेक. कानात आवाज नाही. कंपन नाही. बाहेरून बोटसुद्धा लागलेलं नाही. आणि गंमत म्हणजे इंजिन शेवटपर्यंत शांत झालेलं नाही. तिला जायचं होतंच. बटणाखाली वाढलेल्या मुलांमध्ये आमचा 'जाणार' असा कधी खोटा ठरला नव्हता. हा पहिला. माझं यंत्र चुकलं, डॉक्टर बांबळे! मी इतकी वर्षं त्याच्या चुकण्याची वाट बघत होते."

केतकी पडद्याजवळ सरकून ती निळी रेघ बघत होती. "ही मी आहे?"

"ही तू घडवलीस," डॉक्टर म्हणाल्या. मग त्या हेमंतकडे वळल्या. "पुण्यात परिषद आहे. पालक, शिक्षक, मेंदूचे तज्ज्ञ, सगळे येणार आहेत. हा आलेख मला तिथे दाखवायचाय. तुमची परवानगी हवी."

हेमंतच्या ओठांवर 'हो' आलं होतं. त्याने ते गिळलं. "आलेख तिचा आहे. तिला विचारा."

डॉक्टरांनी विचारलं. केतकीने लगेच होकार दिला नाही.

"नाव काय लावणार?"

"नाव नसतं लावायचं. क्रमांक असतो. मुलांची ओळख लपवायची असा नियम आहे."

"लपवायला मी काय चोरी केलीय?" केतकी म्हणाली. "दाखवायचं तर माझ्या नावाने दाखवा. आणि खाली आल्यावर मी रडले तेही सांगा. नाहीतर बाकीच्या मुलांना वाटेल, थांबणं म्हणजे सोपं असतं."

डॉक्टर केळुसकर हसल्या. "नियम करणाऱ्या समितीशी भांडावं लागेल मला."

"भांडा की."

त्या भांडल्या. परिषदेच्या दिवशी पुण्यातल्या त्या मोठ्या सभागृहात पडद्यावर आलेख उमटला, तेव्हा वर लिहिलं होतं: केतकी मंजूषा हेमंत बांबळे. डॉक्टरांनी शास्त्र सांगितलं. पट्टीची नवी रीत सांगितली. यापुढे रंग आधी मुलाला दिसणार होता, आणि पालकांचं बटण वयाबरोबर हळूहळू आपोआप मंद होत जाणार होतं. मग त्यांनी केतकीला मंचावर बोलावलं. इतक्या लोकांपुढे ती ताठ उभी राहिली. तिच्या केसांत पट्टी होती की नव्हती, हे हेमंतला बसल्या जागेवरून दिसत नव्हतं. फोन त्याने गाडीत ठेवला होता.

पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "बाळ, त्या क्षणी तुझ्या मनात नेमकं काय आलं?"

"वर जायचंय असं आलं," केतकी म्हणाली. "खूप. आर्या खाली आहे असंही आलं. दोन्ही एकदमच होती. मोठं झाल्यावर पहिलं जातं का? आमच्या विशाखाताई म्हणतात, जात नाही."

लोक हसले.

"अजून वाटतं वर जावं?"

"म्हणजे काय! पुढच्या महिन्यात आहे पुन्हा. या वेळी डावीकडून, तो दगड टाळून. आणि पुढे आर्या चढणार, दोर मी धरणार. समृद्धी पण येणार आहे. सुरुवातीला बोलत नव्हती माझ्याशी, आता बोलते."

मागच्या रांगेतून कुणीतरी हेमंतला ओळखलं असावं. एक बाई उठून त्याच्याकडे वळल्या. त्यांच्या हातातल्या फोनवर सारथीची हिरवी खूण जळत होती. "आणि तुम्ही परवानगी दिलीत तिला? परत चढायची?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मंजूषाने ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. मंचावरून केतकीही बघत होती, भुवया किंचित वर करून, हे आता काय म्हणतात अशा नजरेने.

हेमंत उभा राहिला. एवढ्या मोठ्या सभेत बोलायची त्याला सवय नव्हती.

"तिने मला सांगितलंय," तो म्हणाला. "विचारलेलं नाही."

आणि तो ज्या थाटात खाली बसला, तो थाट बघून आधी केतकी हसली आणि मग सगळं सभागृह.